पाडायला आलेली माणसं

१२ ऑगस्ट

पोरी,

उत्तर देऊ नकोस, पण वाच तरी. न वाचता फाडून टाकलंस तर तिकीट वाया जाईल, आणि मला वाया गेलेलं काही बघवत नाही हे तुला माहीत आहे. आशीर्वाद आहेतच. ते दर वेळी वेगळे लिहायचे म्हणजे नुसता कागद भरायचा.

क्रेन आल्या. गेल्या आठवड्यात एका सकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि फळीवरची भांडी खुळखुळ वाजायला लागली, अगदी तुझ्या लहानपणी वाजायची तशी. बाहेर येऊन बघते तर आपल्या रस्त्यावरून ट्रेलरमागून ट्रेलर, आणि त्यांच्यावर आडव्या निजवलेल्या क्रेन. मी दुधाचं विसरले आणि आधी माळ्यावरच्या गाद्या उन्हात टाकल्या. दूध उतू गेलं, गॅस विझला, तरी मी गाद्याच झटकत होते. तूच सांग, इतकी वर्षं आपल्याकडे क्रेन आल्या म्हणजे काय असायचं? ओव्हरहॉल. वीज प्लांटचं एक युनिट दुरुस्तीला बंद व्हायचं, बाहेरगावचे फिटर आणि वेल्डर यायचे, आणि त्या महिना-दीड महिन्यात सगळं शहर वर्षाची बेगमी करून घ्यायचं. डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत.

आणि मी एकटीच वेडी नाही बरं का. दुपारपर्यंत समोरच्या टेलरमास्तरांनी पुढची खोली रिकामी करून ‘भाड्याने देणे’ची पाटी लावली. न्हाव्याने दुसरी खुर्ची मांडली, तिच्यावर बसायला माणूस नसताना. संध्याकाळी बाजारात बटाटा महागला. मी भाजीवालीला म्हटलं, अगं, ते अजून ट्रकमधून उतरलेसुद्धा नाहीत, तर म्हणते, उतरल्यावर भूक लागेलच ना बाई!

आता तू म्हणशील, प्लांट तर गेल्या वर्षीच कायमचा बंद झाला, आता कसला ओव्हरहॉल. बरोबर आहे. ही माणसं दुरुस्तीला आलेली नाहीत, पाडायला आली आहेत. लिहून टाकलं एकदाचं. इथे हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. सगळे म्हणतात, ‘काम निघालंय.’ पण पाडणाऱ्यालाही जेवायला लागतं, झोपायला लागतं, शर्टाची बटणं लावून घ्यायला लागतात. आपल्या खानावळीच्या खोल्या भरल्या. जेवणाच्या दोन पंगती होतात. वर्षभर कोळ्यांनी जाळी केली होती त्या बाकांवर आता माणसं कोपराला कोपर लावून बसतात. इतका आवाज घरात झाला की मला रडू आलं. कांदा चिरत होते म्हणून कुणाला कळलं नाही.

तुझे बाबा बरे आहेत. त्यांनी खुर्ची प्लांट दिसतो त्या खिडकीतून उचलून स्वयंपाकघरात आणली आहे. म्हणतात, इथे हवा चांगली येते. आपल्या स्वयंपाकघरात कसली हवा येते ते तुला माहीतच आहे.

जावयांनी दुसऱ्या प्लांटला बदली मागितली तेव्हा बाकीचे सगळे प्लांट बंद होऊ नये म्हणून गेटवर धरणं धरून बसले होते, म्हणून गल्लीने त्यांना पळपुटा म्हटलं. त्या गल्लीत मीही होते. तेव्हापासून तू मला एक ओळ लिहिली नाहीस. धाकट्या भावाला लिहितेस, आणि तो मला वाचून दाखवतो. तू त्याला लिहिलंस की ते शहर मेलं, तू निघ तिथून. म्हणून मुद्दाम कळवते आहे. येऊन बघ, मेलेल्या शहरात पाव संध्याकाळी चारला संपतो आहे.

आई


२ ऑक्टोबर

पोरी,

तुझं उत्तर नाही, म्हणजे पत्र पोचलं असं मी समजते.

वरचा मजला चढतो आहे. हो, आपल्या घरावर. मेला गवंडी सापडायचीच मारामार होती, अर्ध्या शहराला एकदम मजले हवे आहेत. शेवटी तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या सासऱ्याला गाठलं. तो म्हातारा झालाय, शिडी चढताना तीनदा देवाचं नाव घेतो, पण भिंत सरळ घालतो. सहा खोल्या होतील. तुझे बाबा म्हणाले, “पाडायचं काम किती दिवस पुरणार?” मी म्हटलं, तुम्हीच सांगत होता ना, एकेक बॉयलर दहा मजल्यांचा आहे म्हणून? मग दहा मजले उतरायला वेळ नाही लागणार? बोलण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही, हाच माझा घात आहे असं तू म्हणायचीस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू धाकट्याला पाठवलेलं पत्र त्याने दाखवलं. तुमच्याकडे लाइनमनचं शिक्षण देणारी सरकारी शाळा आहे, जानेवारीत वर्ग सुरू होतो, तो तुमच्याकडे राहून शिकेल, जावयांनी साहेबांशी बोलूनही ठेवलंय. ज्या माणसाला आम्ही इतकं बोललो तो आमच्या मुलासाठी साहेबांकडे जातो, हे वाचून मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. त्यांना माझा नमस्कार सांग. सांगशील का?

पण पोरी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? धाकट्याला इथेच काम मिळालंय. फोरमननेच विचारलं त्याला. पाडणाऱ्या टोळीचा फोरमन आपल्याकडेच जेवतो, चष्मा लावून ताटातले खडे बघणारा सभ्य माणूस आहे. धाकटा आता गॅस कटर चालवतो. पोलाद असं कापतो म्हणे, जसं मी भोपळा कापते. वर्षभर पारावरच्या म्हाताऱ्यासारखा ओट्यावर बसून होता, आता घरी येतो तेव्हा अंगाला जळक्या लोखंडाचा वास येतो आणि भूक घेऊन येतो. आईला आणखी काय हवं?

घरात मात्र शांतता नाही. तो पहिल्या दिवशी हेल्मेट घेऊन निघाला तेव्हा तुझे बाबा दारात उभे राहिले.

“कुठल्या युनिटला?”

“तीन नंबरच्या बॉयलरला.”

तीन नंबर म्हणजे त्यांचाच. ते म्हणाले, “त्या बॉयलरने तुला वाढवलं. त्याला कापणार तू?”

“मी नाही कापला तर दुसरा कापेल, बाबा.”

“मग दुसऱ्याला कापू दे.”

“आणि मी काय करू? आईच्या खाटा मोजू?”

तेव्हापासून बोलणं बंद. बाबा ताट घेऊन मागच्या खोलीत बसतात, हा पंगतीत बसतो, आणि मी दोघांना वाढते. मला इकडे आड, तिकडे विहीर. मी दोघांनाही चूक म्हणू शकत नाही. हे असं पहिल्यांदाच झालंय, माझ्याकडे सहसा कुणीतरी चुकलेलं असतंच.

जानेवारीपर्यंत त्याला पाठवते. मजला पुरा होऊ दे. शब्द देते.

आई


१९ जानेवारी

पोरी,

जानेवारी आला आहे हे मला माहीत आहे. कॅलेंडर आमच्याकडेही आहे.

तो आला नाही. त्याचा अर्ज गेलाच नाही. तो म्हणतो, काम अर्धं टाकून जाणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी जा. इतकंच म्हटलं. तू चिडशील, चीड. पण आठवड्याला हातात काही आणणाऱ्या मुलाला हाकलून लाव असं कुठल्या आईला जमतं ते मला दाखव.

इथली मजा तरी ऐक. शहर असं सजलंय की ओळखू येत नाही. स्टँडसमोर नवीन हॉटेल निघालं, त्याला रंगीत दिवे. शूज, मोबाइल, चष्मे, सगळ्यांची दुकानं. आपल्या कपड्यांवर आता राख पडत नाही. प्लांटची चिमणी थंड झाल्यापासून दोरीवरचं धुणं पांढरं ते पांढरं राहतं, तरी घडी घालायच्या आधी माझा हात प्रत्येक कपडा झटकतोच. टेलरमास्तर म्हणतात, इतकं गिऱ्हाईक प्लांट चालू असतानाही नव्हतं. मी म्हटलं, मास्तर, मग तेव्हाच पाडायला हवा होता! दोघंही हसलो. मग ते आत गेले, मीही आत आले.

घरातली एक गोष्ट सांगायची आहे. एका संध्याकाळी पंगत उठली, धाकटा हात धूत होता, आणि मागच्या खोलीतून तुझ्या बाबांचा आवाज आला.

“कुठवर आलं?”

कित्येक आठवड्यांनी त्यांनी त्याच्याशी काढलेले पहिले शब्द. धाकट्याने नळ बंद केला. म्हणाला, “खालचे पाइप सगळे निघाले. आता भिंती.”

“बरं.”

एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता रोज चालतं. ते विचारतात, हा सांगतो. बॉयलर वरून टांगलेला असतो म्हणे, म्हणून खालून वर कापत जातात. ते तर मी लग्न झाल्यापासून ऐकतेच आहे. धाकटा दरवाजात उभा राहून सांगतो, बाबा मान हलवतात, एखाद्या आजारी माणसाची तब्येत विचारावी तसं. त्या दोघांमध्ये बोलायला आता तेवढंच उरलंय. मला वाटतं, ते संपूच नये.

फोरमन सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन बसतो. घरची आठवण येते म्हणतो. परवा माझ्याबरोबर मटार सोलायला बसला. मी विचारलं, तुमच्या टोळीतली ही पोरं कुठली हो, बोलतात तर सगळी वेगवेगळी.

तो म्हणाला, “बाई, सगळी तुमच्यासारख्याच शहरांतली. जिथला प्लांट पाडतो तिथला एखादा चलाख मुलगा कटिंग शिकतो. काम संपतं. मग त्याला घरी काही उरत नाही आणि दुसरं काही येत नाही. तो आमच्याबरोबर निघतो. मीही तसाच निघालो. आमच्या शहरातली चिमणी मी स्वतः पाडली.”

“आणि तुमची आई?”

“तिने डबा बांधून दिला.”

मी म्हटलं, आमचा नाही हो यायचा तुमच्याबरोबर. त्याची बहीण त्याची वाट बघते आहे. तो हसला नाही. शेंगा खाली ठेवून म्हणाला, “मग लवकर पाठवा.”

पोरी, मी उठून भात चढवला.

आई


८ मार्च

पोरी,

तू पेपरात वाचलं असशील. चिमणी पडली.

त्याच्या आदल्या आठवड्यात ड्रम उतरवला. बॉयलरच्या अगदी माथ्यावर असतं ते मोठं लोखंडी पिंप, ज्यात पाण्याची वाफ होते. तुझ्या बाबांनी सगळी नोकरी त्यातल्या पाण्याची पातळी बघण्यात घालवली. पाणी कमी झालं तर बॉयलर जळतो, जास्त झालं तर पुढचं सगळं फुटतं. जेवताना, झोपेत, तुझ्या बारशातसुद्धा त्यांचं अर्धं डोकं त्या पातळीत असायचं. त्या दिवशी धाकटा आला आणि कुणी विचारायच्या आधीच दरवाजात उभा राहून म्हणाला, “बाबा, आज ड्रम खाली आला.”

ते म्हणाले, “नीट आला?”

“नीट आला. मीच सोडला दोर.”

त्यांनी अंग चोरून शेजारी जागा केली. मग म्हणाले, “आत येऊन जेव.” त्या दिवशी दोघांनी मागच्या खोलीत एकत्र ताट घेतलं. मी बाहेर उभी होते. आतून फक्त वाट्यांचा आवाज येत होता. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. विचारायला काही राहिलंच नव्हतं.

चिमणीचं तर काय सांगू, जत्राच. सगळ्या गच्च्या भरल्या. आपल्या नव्या मजल्यावर निम्मी गल्ली उभी होती. मी सगळ्यांना चहा दिला, कोण कुठे उभं राहील ते ठरवलं, तुझ्या आईला काही ठरवायला मिळालं की तिला काही दिसत नाही. भोंगा झाला. खाली एक धुरळ्याचा ठिपका उठला, मग आवाज आला, आणि ती उभीच राहिली. मला वाटलं, पडत नाही. खरंच वाटलं. आणि मग ती गुडघ्यात वाकल्यासारखी वाकली आणि आडवी झाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. का, ते मला विचारू नकोस.

धुरळा वर आला तेव्हा लक्षात आलं की तुझे बाबा गच्चीवर नाहीत. मी धावत खाली आले. मला काय काय वाटलं असेल ते तू समज. ते मागच्या अंगणात होते. दोरीवरचं सगळं धुणं काढत होते, आपलं आणि त्या पाडणाऱ्या माणसांचे सगळे शर्ट, दोन्ही हात भरून. म्हणाले, “वारा इकडचा आहे. आता पडेल सगळं.” आणि पडलं खरंच, पांढरी बारीक पूड, अंगणभर. ते शर्ट छातीशी धरून उभे होते. मी तिथेच पायरीवर बसून रडले. ते म्हणाले, “अगं, काढलं ना मी सगळं.”

त्या बाजूला आता नुसतं आकाश आहे. स्टँडवरून घरी येताना मी दोनदा चुकीच्या गल्लीत वळले.

आई


२५ मे

पोरी,

थोडक्यात लिहिते.

टोळी निघायला लागली. पहिल्यांदा क्रेनवाले गेले, मग भंगाराचे ट्रक थांबले, मग एकेक खोली. शेवटच्या पंगतीला चौघं होते. मी सवयीने मोठ्या पातेल्यात भात लावला. दोन दिवस आम्ही तोच खाल्ला.

रंगीत दिव्यांचं हॉटेल बंद झालं. दिवे अजून आहेत, लागत नाहीत. न्हाव्याने दुसरी खुर्ची विकायला काढली, घेणार कोण? सगळ्या न्हाव्यांच्या दुसऱ्या खुर्च्या विकायला आहेत. गल्लीत बघावं त्या घरावर नवा मजला आणि नव्या मजल्यावर ‘भाड्याने देणे’. एकमेकांना भाड्याने देऊन राहायचं का आता? पूर्वी प्लांट बंद पडला तेव्हा आम्ही निदान एकमेकांकडे बसून शिव्या तरी दिल्या. आता कुणी कुणाकडे बसत नाही. लाज वाटते. ज्याला त्याला वाटतं, आपल्याला कळायला हवं होतं.

कळलं होतंच की. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, पाडायला आलेत म्हणून.

वरच्या सहा खोल्यांची दारं मी रोज उघडते. नवीन लाकूड आहे, बंद ठेवलं तर फुगतं. धाकटा तिथे जाऊन नुसता जमिनीवर पडून राहतो. मी हाक मारली की म्हणतो, आलो. येत नाही. फोरमन तेवढा अजून इथे आहे, हिशेब मिटवायला थांबलाय.

तुझ्या त्या शाळेत पुन्हा अर्ज घेतात का? उत्तर दिलंस तर बरं होईल. मी विचारते आहे, पोरी. मला विचारायची सवय नाही, म्हणून कसं लिहायचं कळत नाही.

आई


१४ जून

माझ्या पोरी,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि मी उंबऱ्यातच बसले. पोस्टमन म्हणाला, बाई, बरं आहे ना सगळं? मी त्याला आत बोलावून चहा दिला, त्याला नको असताना.

बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. ‘आई, झालं गेलं राहू दे’ हे वाक्य त्यांनी तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मग पुढचं. तुमच्या प्लांटात माणसं आली आहेत, मोजणी चालली आहे, तिपाईवर दुर्बीण ठेवून एकेक खांब बघतात, विचारलं तर इन्शुरन्सची तपासणी म्हणून सांगतात, पण सगळे म्हणतात नवीन युनिट येणार. तुमच्या गल्लीत प्रत्येक जण खोल्या चढवतो आहे. तुम्हीही वरचा मजला घेतलाय, गवंडी कामाला लागला, भिंती कमरेपर्यंत आल्या. आणि शेवटी, ‘आई, खानावळ कशी चालवतात ते मला शिकव. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?’

बाबा हसले गं. मला वाटलं होतं ते हसणं विसरले.

मी लगेच लिहायला घेतलं. एक पान भरून लिहिलं. न्हाणीघर खालीच ठेव, वर ठेवलंस तर आयुष्यभर छत गळेल. दारं रुंद घे, खाट आत जायला हवी. पहिल्या दिवशी जो मीठ कमी आहे म्हणतो तो शेवटपर्यंत तेच म्हणणार, त्याच्यासाठी बदलू नकोस. खूप लिहिलं. इतक्या वर्षांत कुणी मला माझ्या कामाचं काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते तू. ते पान या पाकिटात नाही.

मी लिहीत असताना धाकटा आला. कितीतरी दिवसांनी आंघोळ करून, भांग पाडून. खुर्ची ओढून समोर बसला आणि म्हणाला, “आई, ताईकडे मला राहता येईल का?”

मी इतकी खूश झाले की त्याच्या गालाला शाईचा हात लावला. म्हटलं, शेवटी अक्कल आली म्हणायची! तिची शाळा पुन्हा सुरू झाली का? मी आत्ताच तिला लिहिते आहे.

“शाळा नाही,” तो म्हणाला. “फोरमनबरोबर जातोय. मोजणीची दुसरी तुकडी आहे.”

“कसली मोजणी?”

तो आपल्या हातांकडे बघत बसला. त्याच्या हातांवर आता डाग आहेत, ठिणग्यांचे, बारीक बारीक. मी पुन्हा विचारलं नाही. माझ्यासमोर तुझं पत्र उघडं पडलं होतं आणि त्यात दुर्बीण होती, खांब होते, कमरेपर्यंतच्या भिंती होत्या.

तो म्हणाला, “आई, तू कुणाला सांगणार नाहीस ना? आमच्या सगळ्यांकडून लिहून घेतलंय. प्लांट बंदची नोटीस लागायच्या आधी कुणी बोललं तर टोळीतून काढतात. मला दुसरं काही येत नाही, आई.”

मी म्हटलं, “नाही सांगणार.”

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि उठून बॅग भरायला गेला. आणि मी हे लिहिते आहे.

पोरी, नवीन युनिट येत नाही. कुठलंच येत नाही. ती माणसं काय बांधायचं ते मोजत नाहीत, काय कापायचं ते मोजतात. पाडणाऱ्याला आधी कळतं, राहणाऱ्याला शेवटी. तुमच्याकडे नोटीस वर्षभराने लागेल म्हणे. मग गेटवर बसणं होईल, मग प्लांट थंड होईल, मग एका सकाळी तुझी भांडी खुळखुळतील आणि क्रेन येतील. तुला आनंद होईल. तेव्हा माझं ऐकायला तुझे हात थांबणार नाहीत, म्हणून आत्ताच सांगते.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी तुझं पत्र पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाले, “जावयांना आधी सांगायला सांग. बॉयलरवरच्या माणसाला नोटिशीच्या फळ्यावरून कळू नये.” तू आजच सांग त्यांना. ते पुन्हा बदली मागू देत. पुन्हा लोक पळपुटा म्हणतील, तुझ्या शेजारणी तुझ्याशी बोलायच्या थांबतील. थांबू देत. मीही म्हटलं होतं, आणि आज माझ्या मुलीचं घर उभं आहे ते त्यांच्या पळण्याने.

तू शेजाऱ्यांना सांगणार का, हे मी तुला सांगू शकत नाही. सांगितलंस तर तुझ्या भावाची भाकरी जाईल. नाही सांगितलंस तर रोज खिडकीतून त्यांचे मजले वर चढताना बघावे लागतील. मी दोन्ही बाजूंनी विचार केला, पोरी, आणि मला काही सुचलं नाही. मी फक्त माझ्या मुलीला सांगितलं. त्याच्या पोटावर पाय देऊन सांगितलं. दोन मुलं असली की आईला निवडावं लागत नाही असं मला वाटायचं.

तो रविवारी तुमच्याकडे पोचेल. त्याच्या अंगावर तपासणी कंपनीचं नवीन जॅकेट असेल, आणि तो त्यात तुझ्या डोळ्यांना डोळा देणार नाही. त्याला घरात घे. भांडू नकोस. तुमचं शहर तो पाडत नाहीये, त्याला फक्त तेवढंच शिकायला मिळालं. जिथे तू त्याला शिकायला बोलावत होतीस तिथेच तो येतो आहे, एवढंच मी रात्रंदिवस घोकते आहे. मी त्याला डबा बांधून देणार आहे. फोरमनच्या आईने दिला तसाच, दुसरं काय करायचं असतं ते तिलाही सुचलं नसेल.

हे पत्र कुरियरने पाठवते आहे, म्हणजे त्याच्या आधी पोचेल. वाचून झालं की बसून राहू नकोस. जिना उतर, किंवा चढ, जिथे काम चाललं असेल तिथे जा. आधी गवंड्याला थांबव. रडायचं ते मग.

आई